एका पेनड्राइव्हवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम: मल्टिबूट आतून चालतं कसं

लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नव्हता आणि पडद्यावर मात्र संदेश होता: सीडी-रॉम सापडत नाही. मशीन माझ्या पेनड्राइव्हवरून सुरू झालं होतं. मेन्यू दिसला, इन्स्टॉलर आला, त्याने भाषा विचारली, कीबोर्ड विचारला आणि दोन पायऱ्या पुढे जाऊन तो अडला. ज्या पेनड्राइव्हवरून तो स्वतः उठून आला होता, तोच त्याला सापडेना.

अनेक आयएसओ, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या सीडी एकेका फाइलच्या रूपात, एकाच पेनड्राइव्हवर ठेवण्याचा तो माझा पहिला प्रयत्न. ग्रब या बूटलोडरच्या, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या, मेन्यूसाठी एकेक ओळ हाताने लिहिली होती. चारपैकी तीन आयएसओ चालू झाल्या, चौथी अडली. त्या एका संदेशाचं कारण शोधताना मला बूट होण्याची अख्खी साखळी कळली आणि मल्टिबूटमध्ये समजून घेण्यासारखं जे आहे ते बहुतेक तिथेच आहे. आज व्हेंटॉयसारखं साधन हे काम काही मिनिटांत करून देतं. पण एखादी आयएसओ अडली, की आत काय चाललंय हे ठाऊक असलेला माणूस लवकर वाट काढतो. ज्याला ते ठाऊक नाही, तो पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारत बसतो.

नुसती कॉपी का चालत नाही

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागं होतं ते मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर. ते दोन प्रकारचं असतं. जुनं बायॉस, १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेलं. आणि नवं यूईएफआय, ज्याचं मानक २००५पासून यूईएफआय फोरम ही संस्था सांभाळते. दोघांची शोधायची पद्धत अगदी वेगळी आहे.

बायॉस डिस्कचा पहिला सेक्टर वाचतं, म्हणजे फक्त ५१२ बाइट. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटमध्ये सुरुवातीचा प्रोग्राम, पुढच्या ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनांचा, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांचा, तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये ‘ही डिस्क बूट होते’ अशी खूण. बायॉसला फाइल म्हणजे काय हे माहीतच नसतं. तो इवलासा प्रोग्राम मेमरीत घ्यायचा आणि त्याच्या हाती कारभार सोपवायचा, एवढंच त्याचं काम.

यूईएफआय याहून शहाणं. त्याला फॅट या फाइली मांडायच्या पद्धतीचं पार्टिशन वाचता येतं. पेनड्राइव्हसारख्या काढघालीच्या साधनावर ते ईएफआय नावाचं फोल्डर शोधतं, त्यात बूट नावाचं फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची एक फाइल. ती सापडली की चालवतं. सापडली नाही, तर त्याच्या लेखी तो पेनड्राइव्ह नुसतं सामान आहे.

आता डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली, तर यातलं काहीच तिथे नसतं. आयएसओ दिसायला एक फाइल असली तरी तो अख्ख्या सीडीचा ठसा असतो. बूट करायला लागणारं सगळं त्या ठशाच्या आत बंद असतं आणि फर्मवेअरला तो उघडता येत नाही. म्हणून रूफस किंवा बलेना एचरसारखी साधनं फाइल कॉपी न करता पेनड्राइव्हच नव्याने मांडतात. एचर आयएसओ जशीच्या तशी पहिल्या सेक्टरपासून उतरवतो. रूफस गरजेप्रमाणे पार्टिशन करून आतल्या फाइली बाहेर काढून ठेवतो. दोन्ही चोख, पण दोन्हींत एक पेनड्राइव्ह एकाच सिस्टिमला बांधला जातो. उद्या दुसरी सिस्टिम टाकायची, तर आधीची पुसा.

कारभार हातातून हातात जातो, आणि दुसऱ्या वेळी अडतो

बूट होणं म्हणजे कारभार हातातून हातात जाणं. फर्मवेअर तो बूटलोडरला देतं, बूटलोडर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, देतो. मल्टिबूटची सगळी कसरत या दोन देवघेवींत आहे.

पहिली देवघेव सोपी आहे. ग्रब हा बूटलोडर आयएसओ फाइल उघडून तिच्या आतलं वाचू शकतो. याला लूपबॅक म्हणतात: फाइललाच डिस्क समजायचं. ग्रब आयएसओच्या आतून कर्नल उचलतो, त्याच्यासोबतची इनिटरॅमएफएस नावाची छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम उचलतो, दोन्ही रॅममध्ये ठेवतो आणि कर्नलला चालू करतो. इथपर्यंत पेनड्राइव्ह वाचायचं काम फर्मवेअरच करून देत असतं. ग्रब त्याला सेक्टर मागतो, ते आणून देतं.

मग कर्नल ताबा घेतो आणि हा आणून देणारा हात सुटतो. यूईएफआयमध्ये तर यासाठी नेमून दिलेली सूचनाच आहे, एक्झिट बूट सर्व्हिसेस. तिच्यानंतर फर्मवेअर डिस्क वाचून देत नाही. कर्नल स्वतःचे ड्रायव्हर घेऊन यूएसबी पोर्ट चाचपतो, पेनड्राइव्ह ओळखतो आणि त्यावर काय आहे ते नव्याने बघतो. त्याला काय दिसतं? एक पार्टिशन आणि त्यात पडलेल्या काही मोठ्या फाइली. आपण त्यांतल्याच एका फाइलच्या पोटातून आलो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तो शिकवल्याप्रमाणे सीडी शोधतो, नाहीतर स्वतःच्या खुणेचं पार्टिशन शोधतो. सापडत नाही. मग तो संदेश येतो.

माझ्या चौथ्या आयएसओचं असंच झालं होतं. उरलेल्या तिघी चालल्या, कारण त्यांच्या कर्नलला मी जाता जाता निरोप दिला होता: तुझी आयएसओ अमुक जागी, अमुक नावाने आहे. हा निरोप कर्नलच्या ओळीत लिहायचा असतो आणि लिनक्सच्या प्रत्येक घराण्याची त्याची भाषा वेगळी. उबुंटू ‘आयएसओ-स्कॅन’ ऐकतो, डेबियनचं लाइव्ह रूप ‘फाइंडआयएसओ’ ऐकतं, आर्च ‘आयएमजी-लूप’ ऐकतो. डेबियनच्या सीडीवरचा साधा इन्स्टॉलर यातलं काहीच ऐकत नाही. त्याला डिस्कवर पडलेली आयएसओ शोधायला लावायचं, तर डेबियन वेगळी देत असलेली ‘एचडी-मीडिया’ची इनिटरॅमएफएस वापरावी लागते. आणि विंडोजला तर हे निरोप कळतच नाहीत.

पूर्वी मेमडिस्क नावाची एक युक्ती होती. अख्खी आयएसओच रॅममध्ये चढवायची आणि बायॉसला सांगायचं, ही बघ डिस्क. डॉससारखे प्रोग्राम शेवटपर्यंत बायॉसमार्फतच डिस्क वाचतात, त्यांना हे पुरायचं. लिनक्सचा कर्नल बायॉसला सोडून देतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ती डिस्क नाहीशीच होते.

व्हेंटॉयने काय सोडवलं

२०२० साली व्हेंटॉय आलं आणि हाताने ओळी लिहायचं काम जवळपास संपलं. पेनड्राइव्हवर एकदा व्हेंटॉय बसवायचं आणि नंतर आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या. सुरू केल्यावर ते फाइली शोधून त्यांची यादी मेन्यूत दाखवतं.

ते पेनड्राइव्हचे दोन भाग करतं. शेवटी ३२ एमबीचा एक छोटा फॅट भाग, ज्यात त्याचा स्वतःचा, ग्रबवर बेतलेला बूटलोडर असतो. बाकी सगळी जागा एक्सफॅट या फॅटच्याच नव्या रूपाची, तुमच्या फाइलींसाठी. ही वाटणी उगाच नाही. यूईएफआय फर्मवेअरने फॅट वाचलंच पाहिजे असं मानक सांगतं, इतर पद्धतींची हमी नाही, म्हणून बूटचा भाग फॅटमध्ये. पण फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही आणि विंडोज ११ची आयएसओ त्याहून मोठी असते. म्हणून फाइलींचा भाग एक्सफॅटमध्ये. एकाच भागात दोन्ही गरजा बसत नाहीत.

खरं कौशल्य दुसऱ्या देवघेवीत आहे. तुम्ही मेन्यूतून आयएसओ निवडली, की व्हेंटॉय ती फाइल पेनड्राइव्हवर नेमक्या कोणत्या कोणत्या तुकड्यांत पडली आहे त्याचा नकाशा काढतं. त्या तुकड्यांची मिळून एक खोटी सीडी उभी करतं आणि आयएसओचा स्वतःचा बूटलोडर चालू करतं. शिवाय लिनक्स असेल, तर त्याच्या इनिटरॅमएफएसमध्ये हळूच आपलीही थोडी शिदोरी घालतं. कर्नल जागा झाला, फर्मवेअर सुटलं, की ही शिदोरी उघडते. तो नकाशा घेऊन लिनक्सच्याच डिव्हाइस मॅपर या सोयीने पेनड्राइव्हवरचे तेच तुकडे जोडून पुन्हा एक डिस्क तयार करते. कर्नलने सीडी शोधायच्या आत सीडी हजर. विंडोजच्या बाबतीत इन्स्टॉलरआधी उठणाऱ्या विंडोजच्या छोट्या रूपात शिरून व्हेंटॉय तिथे आयएसओ ड्राइव्हसारखी जोडतं आणि मग सेटअप चालू होऊ देतं.

यावरून एक गोष्ट उघड आहे. हे जुळवणं प्रत्येक घराण्याच्या इनिटरॅमएफएसप्रमाणे करावं लागतं. एखाद्या सिस्टिमने ती रचना बदलली किंवा सिस्टिम अगदीच आडवाटेची असली, तर व्हेंटॉय तिथे अडू शकतं. अशा वेळी आयएसओ खराब आहे असं लगेच धरू नका. व्हेंटॉयची नवी आवृत्ती घेऊन बघा.

बनवताना

६४ जीबीचा पेनड्राइव्ह मला पुरेसा वाटतो. उबुंटूचा डेस्कटॉप ६ जीबीच्या आसपास जातो, विंडोज त्याच्याच पंक्तीतलं, बाकीची दुरुस्तीची साधनं लहान असतात. यूएसबी ३चा घ्या, कारण कॉपीला लागणारा वेळ तिथेच वाचतो. नवा पेनड्राइव्ह हातात आला, की आधी त्याची क्षमता तपासा. लेबलवर मोठा आकडा आणि आत छोटी चिप, असे बनावट पेनड्राइव्ह सर्रास मिळतात. ते लिहिताना तक्रार करत नाहीत, फाइल मात्र सडते. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही साधनं अख्खा पेनड्राइव्ह भरून आणि परत वाचून खरं काय ते सांगतात.

व्हेंटॉय बसवताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. त्यावरचं हवं ते आधी बाजूला काढा. याहून महत्त्वाचं, योग्य डिस्क निवडा. बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल, तर आधी ती केबल काढून टाका, मगच व्हेंटॉय उघडा. यादीत नाव वाचू नका, आकार वाचा. नावं सारखी असू शकतात, ६४ जीबी आणि १ टीबी यांत गल्लत होत नाही. पार्टिशनची पद्धत विचारली तर पेनड्राइव्हसाठी एमबीआर, म्हणजे पहिल्या सेक्टरमधल्या तक्त्याची जुनी पद्धत, राहू द्या, ते जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर चालतं. जीपीटी ही नवी पद्धत लागते ती २ टीबीहून मोठ्या डिस्कला.

मग आयएसओ कॉपी करा. इथे बहुतेकजण घाई करतात. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांना पोचली, याचा अर्थ डेटा पेनड्राइव्हवर गेला असा होत नाही. लिनक्सवर तर तो बराच वेळ रॅममध्येच असू शकतो, पट्टी मात्र भरलेली दिसते. त्या क्षणी पेनड्राइव्ह उपटला, तर फाइलचं नाव आणि आकार बरोबर दिसतात, आतली शेपूट मात्र गायब. एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेलं काम सावरून घेणारी नोंदवही नसते. म्हणून इजेक्ट करा आणि ‘आता काढा’ असं सांगेपर्यंत थांबा.

चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, तपासायची सवय लावून घ्या. आयएसओ जिथून घेतली तिथे तिचा एसएचए-२५६ दिलेला असतो, ६४ अक्षरांचा. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी तो आकडा पार वेगळा येतो. बहुतेकजण तो डाउनलोड झाल्यावर तपासतात. मी पेनड्राइव्हवरच्या प्रतीचा तपासतो, आणि तोही पेनड्राइव्ह एकदा काढून पुन्हा लावल्यावर. न काढता तपासलं, तर संगणक रॅममध्ये उरलेली प्रतच वाचून ‘बरोबर आहे’ म्हणण्याची शक्यता असते. ‘इन्स्टॉल अर्ध्यात बंद पडतं’ या तक्रारींतल्या कितीतरी इथेच संपतात.

मशीनसमोर बसल्यावर

बूट मेन्यूची कळ कंपनीगणिक बदलते: एफ१२, एफ९, एफ८, कधी एस्केप. विंडोज चालू होत असेल, तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्याय येतो. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर ऑप्शन कळ. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक या पेनड्राइव्हवरून सुरू होणार नाहीत, त्यांची बूटची वाटच वेगळी आहे.

मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा नावापुढे यूईएफआय लावून आणि एकदा तसाच, तर जरा थांबा. ही निवड नुसती इन्स्टॉलर उघडण्यापुरती नाही. इन्स्टॉलर ज्या पद्धतीने उठतो, त्याच पद्धतीने तो सिस्टिम बसवतो. जुन्या पद्धतीने उठलेल्या विंडोजला जीपीटी डिस्क दाखवली, की ते बसायला नकार देतं आणि लोक घाबरून डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडवतात. गरज फक्त रीस्टार्ट करून दुसरी नोंद निवडायची असते. शेजारी आधीची सिस्टिम ठेवायची असेल, तर ती ज्या पद्धतीची तीच निवडा.

सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर व्हेंटॉय पहिल्यांदा लावलं, की निळा पडदा येतो. फर्मवेअर सही नसलेला प्रोग्राम चालवत नाही, म्हणून व्हेंटॉयची किल्ली त्या मशीनमध्ये एकदा नोंदवावी लागते. ‘एन्रोल की फ्रॉम डिस्क’ निवडून छोट्या पार्टिशनमधली किल्लीची फाइल दाखवायची आणि रीबूट करायचं. पेनड्राइव्ह काढून घेतला तरी ही किल्ली मशीनमध्ये राहते. मशीन दुसऱ्याचं असेल, तर हे त्या माणसाला आधी सांगा. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं ठरवलं, तर त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की हातात आहे ना ते बघा. सेटिंग बदललं की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचं सगळं कुलूपबंद राहतं.

विश्वासाचा प्रश्नही मोकळेपणाने मांडतो. व्हेंटॉय मुक्त स्रोत आहे, पण त्याच्या स्रोतात काही आधीच तयार करून ठेवलेल्या बायनरी, म्हणजे उघडून वाचता न येणाऱ्या, फाइली आहेत. २०२४मध्ये एक्सझेड या साधनात कोणीतरी चोरवाट घुसवल्याचं उघड झालं, त्यानंतर अशा फाइलींबद्दल व्हेंटॉयलाही प्रश्न विचारले गेले. ते रास्त होते. घरच्या आणि मित्रांच्या मशीनवर मी व्हेंटॉय निश्चिंतपणे वापरतो. जिथे इतरांचा नाजूक डेटा आहे, तिथे अधिकृत आयएसओ एकट्या पेनड्राइव्हवर उतरवतो.

आयएसओ निवडल्यावर पडदा काळाच राहिला, तर आधी मेन्यूत नॉर्मलऐवजी ग्रब२ मोड घेऊन बघा. मग दुसरा यूएसबी पोर्ट, हब असेल तर तो काढून. मग चेकसम. एवढ्यानेही नाही झालं, तर ती एक आयएसओ वेगळ्या पेनड्राइव्हवर लिहा आणि पुढे चला, तिच्याशी झगडण्यात दुपार घालवू नका. विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर दोष पेनड्राइव्हचा नसतो. इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या थरामागे असतो आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. इथे व्हेंटॉयचा मोठा भाग उपयोगी पडतो. तो साधाच एक्सफॅट असल्यामुळे ड्रायव्हरचं उघडलेलं फोल्डर आयएसओंच्या शेजारीच ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवा.

माझ्या पेनड्राइव्हवर सिस्टिमांपेक्षा दुरुस्तीची साधनं जास्त वापरली जातात: मेमटेस्ट८६+, जीपार्टेड, क्लोनझिला, सिस्टिमरेस्क्यू. विचित्र वागणाऱ्या मशीनवर नवी सिस्टिम टाकण्याआधी मेमटेस्ट एक रात्र चालवावा, कारण रॅम खराब असली तर नवी सिस्टिमही तशीच मोडत जाते. आणि बसवायच्या आधी क्लोनझिलाने जुन्या डिस्कची प्रत घ्यावी.

इन्स्टॉलरमध्ये पार्टिशनच्या पायरीवर यादीत तुमचा पेनड्राइव्हही दिसतो. तिथेही पुन्हा आकार वाचा.

व्हेंटॉयची नवी आवृत्ती आली, की त्याच्या खिडकीत दोन बटणं दिसतील. ‘अपडेट’ फक्त छोटा भाग बदलतं, आयएसओ जागच्या जागी राहतात. ‘इन्स्टॉल’ सगळा पेनड्राइव्ह पुन्हा पुसतं. दोन्ही बटणं शेजारी शेजारी असतात.